द्राक्षावरचे आठ टक्के आणि मॉरिशसची साखर

मार्च महिन्यात नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात एकाच दिवशी दोन रिफर, म्हणजे थंड ठेवणारे, कंटेनर उतरले असं समजा. एकात दिंडोरी तालुक्यातली थॉमसन द्राक्षं आहेत, दुसऱ्यात दक्षिण आफ्रिकेची. मण्यांचा आकार तोच, गोडी तीच, पनेट म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्याही तशाच. दोन्ही माल बहुधा एकाच सुपरमार्केटच्या एकाच फळीवर लागणार आहे. पण कस्टम्समधून सुटताना दिंडोरीच्या द्राक्षांवर 8 टक्के आयात शुल्क लागतं आणि दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षांवर शून्य. चिली, पेरू आणि इजिप्तच्या द्राक्षांवरही शून्य.

निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागायतदारांना हे आठ टक्के वर्षानुवर्षं माहीत आहेत. त्यावर भाषणं होतात, निवेदनं दिली जातात. पण हे आठ टक्के आले कुठून, आठच का, आणि उद्या ते गेले तर तो पैसा कोणाच्या खिशात पडेल, हे फार कमी वेळा कोणी बसून उलगडून सांगतं. 27 जानेवारी 2026 रोजी भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. तेव्हापासून "शुल्क गेलं की भाव वाढणार" असं गृहीत धरूनच बोललं जातंय. शुल्क कमी होणं ही करारातली गोष्ट आहे. भाव वाढणं ही करारात नसते, ती आपल्याकडच्या व्यवस्थेवर ठरते. हा फरक समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागेल, आणि नाशिकपासून मॉरिशसपर्यंतही.

साडेअकराचे आठ कसे झाले

युरोपीय संघ म्हणजे 27 देश, पण कस्टम्सच्या बाबतीत ते एकाच देशासारखे वागतात. माल रॉटरडॅमला उतरो की हॅम्बुर्गला, शुल्क तेच. एकदा ते भरलं की माल पोलंडपर्यंत कुठेही नेता येतो. प्रत्येक वस्तूचा एक मूळ दर ठरलेला असतो आणि जागतिक व्यापार संघटनेच्या नियमानुसार तो सगळ्या सदस्य देशांना सारखाच लावावा लागतो. ताज्या द्राक्षांसाठी 1 जानेवारी ते 14 जुलै या काळात तो 11.5 टक्के आहे. त्यानंतर दर चढतो आणि किमान किमतीची अटही येते, कारण इटली, स्पेन, ग्रीसची स्वतःची द्राक्षं तेव्हा बाजारात यायला लागतात. आपली ऑक्टोबरची छाटणी आणि जानेवारी ते एप्रिलचा हंगाम युरोपच्या रिकाम्या महिन्यांत बसतो. आपल्या मालाला तिथे जागा मिळते ती मुळात या वेळापत्रकामुळे.

मूळ दर सगळ्यांना सारखा, या नियमाला दोन मोठे अपवाद आहेत. पहिला अपवाद म्हणजे दोन देशांनी किंवा गटांनी आपसात केलेला करार. दक्षिण आफ्रिकेचा युरोपशी असा करार 2000 सालापासून आहे, चिलीचा 2003 पासून, इजिप्तचा 2004 पासून, पेरूचा 2013 पासून. त्या करारांतून त्यांची द्राक्षं हळूहळू शून्यावर आली.

दुसरा अपवाद म्हणजे जीएसपी. विकसनशील देशांना श्रीमंत देशांनी एकतर्फी, बदल्यात काही न मागता दिलेली शुल्क सवलत. या सवलतीचा जन्म दिल्लीतला आहे. 1968 साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेचं दुसरं अधिवेशन नवी दिल्लीत भरलं आणि तिथे ही कल्पना सर्वांनी मान्य केली. तिच्यामागे अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: गरीब देशांनी कायम कच्चा माल विकायचा आणि पक्का माल विकत घ्यायचा असंच चालू राहिलं तर ते गरीबच राहतील. त्यांना पक्का माल विकायला श्रीमंतांच्या बाजारात थोडी वाट करून द्या. त्या वेळच्या युरोपीय आर्थिक समुदायाने 1971 मध्ये ही सवलत सुरू केली आणि भारत तेव्हापासून तिचा लाभ घेतोय.

आता आठचं गणित. युरोपच्या जीएसपीमध्ये वस्तूंचे दोन गट आहेत. ज्या वस्तूंमुळे युरोपातल्या शेतकऱ्याला किंवा कारखानदाराला झळ पोहोचत नाही त्यांचं शुल्क पूर्ण माफ. ज्यांची झळ पोहोचू शकते त्या 'संवेदनशील'. त्यांना सर्वसाधारणपणे साडेतीन टक्क्यांची सूट. द्राक्षं संवेदनशील यादीत आहेत. 11.5 मधून 3.5 गेले, राहिले 8. आपल्याला आठ टक्के 'लावले' असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात ते सवलतीनंतरचे आठ आहेत.

हे शुल्क कशावर लागतं तेही बारकाईने पाहण्यासारखं आहे. युरोपात शुल्क मोजताना मालाच्या किमतीत युरोपच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा धरतात. समजा, द्राक्ष खरेदी, पॅकहाऊस, प्रीकूलिंग आणि न्हावाशेवापर्यंतचा खर्च मिळून किलोला 120 रुपये झाले आणि जहाजभाडं 30 रुपये. शुल्क 150 रुपयांवर लागेल, म्हणजे 12 रुपये. आता भाडं 30 वरून 50 वर गेलं तर शुल्क 170 वर, म्हणजे 13 रुपये 60 पैसे. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. 2024 च्या हंगामात निर्यातदारांचं भाडं वाढलं, वाटेत जास्तीचे दिवस गेले. त्या वाढलेल्या भाड्यावर युरोपच्या कस्टम्सने आपले आठ टक्केही घेतले. ज्याला शुल्क शून्य, त्याला हा दुसरा फटका बसतच नाही.

देणारा ठरवतो

जीएसपी ही एकतर्फी सवलत आहे, आणि तिची सगळी ताकद आणि सगळा कमकुवतपणा या एका गोष्टीत आहे. घेणाऱ्याने बदल्यात काही द्यायचं नसतं, त्यामुळे त्याला मागता येत नाही आणि सवलत काढून घेतली तर नुकसानभरपाई मागायचा हक्कही राहत नाही.

एखाद्या देशाचा एखादा उद्योग युरोपच्या बाजारात फार पुढे गेला की त्या क्षेत्राची सवलत बंद होते. 2014 मध्ये नवे नियम लागू झाले तेव्हा भारताची कापड, रसायनं, मोटारी अशी मोठी क्षेत्रं अशीच बाहेर पडली. शेतमाल राहिला. दुसरीकडे अतिमागास देशांना 2001 पासून शस्त्रास्त्रं सोडून सगळ्या मालावर शून्य शुल्क मिळतं. बांगलादेशचा तयार कपड्यांचा धंदा या एका सवलतीच्या जोरावर किती वाढला हे आपण जाणतो. तयार कपड्यांवर युरोपचा मूळ दर साधारण 12 टक्के आहे आणि ढाक्यात शिवलेला टी-शर्ट शून्यावर आत जातो. कापड चीनमधून आणलेलं असलं तरी 2011 पासून चालतं, फक्त शिवण ढाक्यातली हवी. तिरुप्पूरचा कारखानदार या फरकाशी रोज झुंजतो. बांगलादेश अतिमागास गटातून बाहेर पडायचं ठरलेल्या वेळापत्रकानुसार 24 नोव्हेंबर 2026 आहे. त्यानंतर तीन वर्षांची मुदत मिळेल, आणि पुढे त्यालाही नवी वाट शोधावी लागेल.

मधली पायरी जीएसपी प्लसची, म्हणजे साध्या जीएसपीपेक्षा जास्त सवलतीची. तिची गोष्ट भारताशी थेट जोडलेली आहे. 2002 सालापासून युरोपने अमली पदार्थांविरुद्ध लढणाऱ्या देशांच्या खास सवलतीच्या यादीत पाकिस्तानला घेतलं. भारताने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की ही यादी ठराविक देशांचीच का? 2004 मध्ये निकाल लागला. विकसनशील देशांमध्ये फरक करायला हरकत नाही, पण निकष उघड हवेत आणि ते पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला दार खुलं हवं, असा त्याचा आशय. भारत ती लढाई जिंकला. युरोपने मग जुनी यादी मोडली आणि मानवी हक्क, कामगार, पर्यावरण यांविषयीचे आंतरराष्ट्रीय करार पाळणाऱ्यांसाठी नवी योजना आणली, तीच जीएसपी प्लस. 2014 पासून पाकिस्तान त्या नव्या दारातून रीतसर आत गेला, आणि युरोपच्या सवलतीतल्या आयातीत वाटा मोठा असल्यामुळे भारत त्या निकषात बसत नाही. कायद्याचा विजय आणि बाजारातला फायदा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे या खटल्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसलं नाही.

श्रीलंकेचं उदाहरणही लक्षात ठेवावं. मानवी हक्कांच्या मुद्द्यावरून 2010 मध्ये तिची प्लस सवलत गेली आणि 2017 मध्ये परत आली. मधली सात वर्षं शिलाई यंत्रावर बसलेल्या बायकांनी भोगली. निर्णय ज्यांच्या वागण्यामुळे झाला ते वेगळेच लोक होते.

मॉरिशस: सवलतीचा पैसा कुठे गेला

हिंद महासागरातल्या या छोट्या बेटाशी मराठी माणसाचं नातं आहे. 1834 नंतर ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. बिहार-भोजपूरचे सर्वांत जास्त, पण मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते.

1968 मध्ये मॉरिशस स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे विकण्यासारखं जवळपास एकच होतं, साखर. 1975 मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या 46 देशांशी टोगोची राजधानी लोमे इथे करार केला. व्यापार सवलत आणि आर्थिक मदत दोन्ही एकाच करारात बांधलेली होती. त्यालाच जोडलेल्या साखरेच्या करारात युरोपने दरवर्षी सुमारे 13 लाख टन साखर ठरलेल्या भावाने घ्यायचं कबूल केलं. तो भाव युरोपातल्या बीट उत्पादकाला मिळणाऱ्या भावाशी बांधलेला होता, म्हणजे जागतिक बाजारापेक्षा बराच वर, पुष्कळ वर्षं दुपटीहून जास्त. यातला सर्वांत मोठा वाटा, 4 लाख 91 हजार टन, मॉरिशसचा होता. (भारतालाही अशाच करारातून एक छोटा कोटा होता, 10 हजार टनांचा. आपल्या उत्पादनापुढे तो नगण्य होता.)

इथे सवलतीचा आत्मा नीट दिसतो. युरोपने मॉरिशसला रोख मदत दिली असती तर ती सरकारी तिजोरीत गेली असती. त्याऐवजी त्याने स्वतःच्या उंच भिंतीच्या आतला भाव मॉरिशसच्या साखरेला दिला. जागतिक भाव आणि युरोपचा भाव यांतला फरक हाच मदतीचा पैसा, आणि तो साखरेच्या पोत्याबरोबर येतो. मग तो कोणाला मिळतो? पोतं विकणाऱ्याला. आणि पोतं विकणारा कोण असावा, त्यातलं ऊसवाल्याला किती द्यावं, हे मॉरिशसने स्वतः ठरवलं होतं.

बेटावरची सगळी साखर एकाच संस्थेमार्फत विकली जाते. मॉरिशस शुगर सिंडिकेट 1919 पासून हे काम करतं. सगळ्या बाजारांतून आलेला पैसा एकत्र होतो आणि त्यातून सरासरी भाव निघतो. वाटणीचं प्रमाणही नियमाने बांधलेलं: साखरेच्या उत्पन्नातले 78 टक्के ऊस उत्पादकाचे, 22 टक्के कारखान्याचे. म्हणजे एखादा छोटा शेतकरी युरोपच्या ब्रसेल्समधल्या मुख्यालयात काय शिजतंय हे जाणत नसला, तरी युरोपने भाव वाढवला की त्याच्या हिश्श्यात ते दिसायचं. शिवाय अनेक वर्षं साखरेच्या निर्यातीवर कर होता. त्यातून सरकारला पैसा मिळाला आणि शाळा-दवाखाने चालवायला त्याची मदत झाली. मळेवाल्यांच्या हातात साठलेला पैसा 1970 च्या दशकात सुरू झालेल्या निर्यात क्षेत्रातल्या कपड्यांच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत गेला. पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी 1961 मध्ये या बेटाचं भवितव्य फार निराशेने मांडलं होतं. बेटाने ते खोटं ठरवलं, आणि त्यात साखरेच्या त्या चढ्या भावाचा वाटा मोठा आहे.

मग सवलत संपली. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंडने युरोपच्या साखर धोरणाविरुद्ध खटला भरला आणि 2005 मध्ये युरोप हरला. त्याच वर्षी युरोपने आपला भाव 36 टक्क्यांनी उतरवायचं ठरवलं. मॉरिशससारख्यांच्या कच्च्या साखरेचा हमीभाव टनाला 523.7 युरो होता, तो 335 युरोवर आणला गेला. साखरेचा करार अनिश्चित काळासाठी आहे असं कागदावर लिहिलं होतं. तरी 2007 मध्ये नोटीस देऊन तो 2009 मध्ये संपवण्यात आला.

खरी मदत आली ती इथे. युरोपने साखरेच्या करारातल्या 18 देशांना 2006 ते 2013 या काळात एक अब्ज युरोहून जास्त रक्कम दिली, बदलत्या बाजाराशी जुळवून घेण्यासाठी. मॉरिशस हा त्यातला सर्वांत मोठ्या लाभार्थींपैकी एक. त्याने हे पैसे योजना आखून वापरले. छोटे कारखाने बंद करून उरलेल्या मोजक्या मोठ्या कारखान्यांत गाळप एकवटलं. हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली, रोख रकमेबरोबर घरासाठी जागाही. कच्च्या साखरेऐवजी शुद्ध पांढरी आणि खास प्रकारची साखर बनवायला सुरुवात केली. उसाच्या चोथ्यावर वीजनिर्मिती वाढवली. ऊस घटला, काही शेतकरी बाहेर पडले, दुखलं नाही असं मुळीच नाही. पण धंदा कोसळला नाही.

आपल्या जिल्ह्यातले बंद पडलेले साखर कारखाने आठवले की मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. आपल्याकडे कारखाना बंद पडतो तो कर्जात बुडून, कामगारांचे पगार थकवून, उसाचं बिल लटकवून. आधीच ठरवून, देणी चुकती करून, कामगाराच्या हातात काही देऊन कारखाना बंद करता येतो, हे एका छोट्या बेटाने करून दाखवलंय.

दुधाच्या पावडरीतून उभी राहिलेली डेअरी

परकीय मदतीविषयी आपल्याकडे दोन टोकाची मतं असतात: ती म्हणजे भीक, नाहीतर ती म्हणजे कट. या दोन्हींना छेद देणारा अनुभव आपल्याच देशाचा आहे, आणि तोही युरोपशीच जोडलेला.

1960-70 च्या काळात युरोपात दूध पावडर आणि लोण्याचे साठे वाढत चालले होते. शेतकऱ्याला हमीभाव दिल्यामुळे उत्पादन खपापेक्षा जास्त झालं होतं. हा माल मदत म्हणून गरीब देशांत स्वस्तात ओतला की तिथल्या दुधाचा भाव पडणार आणि गवळी, शेतकरी उठणार, हा धोका उघड होता. वर्गीस कुरियन यांनी तो ओळखला. 1970 मध्ये ऑपरेशन फ्लड ही दूधवाढीची योजना सुरू झाली तेव्हा युरोपने जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत दिलेली दूध पावडर आणि बटर ऑइल फुकट वाटलं गेलं नाही. महानगरांच्या डेअऱ्यांमध्ये त्याचं दूध करून ते बाजारभावाने विकलं गेलं. मुंबई त्यातली एक. त्या विक्रीतून आलेला पैसा गावागावांतल्या दूध संस्था, शीतकरण केंद्रं आणि टँकरमध्ये घातला. मदत मालाच्या रूपात आली आणि भांडवल होऊन गावात गेली. पुढे भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक झाला.

मॉरिशस आणि ऑपरेशन फ्लड या दोन्हींत समान धागा एकच दिसतो. युरोपने दिलेली गोष्ट अर्धीच होती. उरलेली अर्धी म्हणजे ती कुठून कुठे जाईल याची वाट, आणि ती वाट घेणाऱ्याने आधीच बांधून ठेवली होती.

आता आपले आठ टक्के

नवा करार हा दोन्ही बाजूंनी सही करायचा व्यवहार आहे. जाहीर झालेल्या माहितीनुसार भारतीय शेतमालात द्राक्षांनाही त्यात जागा आहे. युरोपीय संसदेची मंजुरी आणि बाकी सोपस्कार झाल्यावरच तो लागू होतो. बदल्यात आपणही दार उघडतो आणि त्याचा थेट संबंध नाशिकशी आहे: युरोपीय वाइनवरचं 150 टक्के शुल्क लागू होताना 75 वर यायचंय आणि पुढे टप्प्याटप्प्याने 20-30 टक्क्यांपर्यंत. म्हणजे द्राक्ष खायला पिकवणाऱ्याला दार उघडतंय आणि वाइनची द्राक्षं लावणाऱ्याच्या दारात फ्रान्स, इटली येऊन उभे राहतायत. एकाच शिवारात दोन वेगळे परिणाम. वाइनरीशी करार करून द्राक्षं देणाऱ्या शेतकऱ्यांनी त्या टप्प्यांची वर्षं आपल्या करारनाम्यांच्या वर्षांशी आत्ताच ताडून पाहायला हवीत.

खाण्याच्या द्राक्षांकडे परत. वरच्या उदाहरणातले किलोमागे 12 रुपये उद्या शून्य झाले असं धरा. कंटेनरमध्ये 13 टन माल धरला तर एका कंटेनरमागे 1 लाख 56 हजार रुपये. हे शुल्क आज कोण भरतं? तिथला आयातदार. म्हणजे ते वाचल्यावर पैसा पहिल्यांदा पडतो त्याच्या हातात. तो सुपरमार्केटशी घासाघीस करताना त्यातला काही सोडेल, कारण पेरू आणि दक्षिण आफ्रिका तिथे शून्य शुल्कावर आधीच उभे आहेत. काही भाग आपल्या निर्यातदाराला मिळेल. आणि उरलं तर बागेत येईल. उक्त्या भावाने बाग देणाऱ्या शेतकऱ्याला तर यातलं काही दिसणारच नाही, कारण त्याचा भाव फेब्रुवारीत बांधावर ठरलेला असतो आणि त्या दिवशी किती व्यापारी बांधावर आलेत यावर तो अवलंबून असतो. सगळे पैसे हातात पडले तरी नशीब, अशी वेळ ज्यांनी पाहिलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मॉरिशससारखं एकच सिंडिकेट इथे उभं करा असं मी म्हणत नाही. साखर पोत्यात वर्षभर टिकते, द्राक्ष टिकत नाही. प्रत्येक बागेची प्रतही वेगळी. पण शेतकरी उत्पादक कंपन्यांमधून, गटांमधून माल पाठवणाऱ्यांकडे एक साधन आज आहे: हिशेबपट्टी. माल तिथे कितीला विकला, त्यातून भाडं किती, शीतगृह किती, अडत किती आणि आयात शुल्क किती कापलं, हे तिच्यात ओळीओळीने मागता येतं. शुल्काची ओळ वेगळी दिसत असेल तरच ती शून्य झाल्यावर पैसे कुठे गेले हे विचारता येईल. सगळा खर्च एका आकड्यात गुंडाळून दिला तर कधीच कळणार नाही. पुढच्या हंगामाचा करारनामा करताना शुल्क कमी झालं तर त्यातला किती वाटा उत्पादकाचा, हे एक वाक्य त्यात घालून घ्यायला खर्च काहीच येत नाही.

कागदपत्रांचंही पाहायला हवं. आजची जीएसपी सवलतसुद्धा आपोआप मिळत नाही. निर्यातदाराला युरोपच्या नोंदणी यंत्रणेत नाव घालावं लागतं आणि 6 हजार युरोहून मोठ्या प्रत्येक मालाबरोबर हा माल भारतातच पिकला आहे असं निवेदन बिलावर द्यावं लागतं. ते चुकलं तर 8 ऐवजी 11.5 लागू शकतात. ताज्या द्राक्षांच्या बाबतीत मूळ सिद्ध करणं सोपं, कारण वेल इथल्याच मातीत उभा असतो.

आणि शुल्क शून्य झालं तरी एक दार तसंच राहणार आहे, रेसिड्यूचं, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधांच्या अंशांचं. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात आपला माल अडकला तेव्हा शुल्काचा प्रश्नच नव्हता. माल आठ टक्क्यांत बसत होता, अंशाच्या मर्यादेत बसत नव्हता. अनेक बागायतदार त्या हंगामानंतर कित्येक वर्षं कर्ज फेडत राहिले. प्लॉटची नोंदणी, नमुना तपासणी, ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेवर प्रत्येक पेटीचा माग लागेल अशी व्यवस्था, हे सगळं आपण मेहनतीने उभं केलंय आणि त्यामुळेच युरोपात नाशिकच्या द्राक्षांवर विश्वास टिकून आहे. कोणत्याही व्यापार करारात या मर्यादा सैल होत नाहीत. युरोप एखाद्या औषधाची मर्यादा खाली आणतो ती आपल्याशी बोलून आणत नाही, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर कोणती फवारणी किती दिवस आधी थांबवायची याचं वेळापत्रक त्या आकड्यावर दरवर्षी नव्याने बसवावं लागतं.

करार लागू होण्याची तारीख अजून पुढे आहे. शुल्क लगेच जाणार की टप्प्याटप्प्याने, ताज्या द्राक्षांच्या ओळीपुढे नक्की कोणतं वर्ष लिहिलंय, हे दर-सूचीच्या परिशिष्टात सापडतं. द्राक्षांचा शुल्क क्रमांक 0806 10 आहे. गटाच्या बैठकीत तो क्रमांक शोधून ती ओळ मोठ्याने वाचा, आणि शेजारी यंदाची हिशेबपट्टी ठेवा.